ओकुहाराचे गुडघे आणि आपला स्पोर्ट्स कोटा

जपानची बॅडमिंटन प्लेयर नोझोमी ओकुहारा, तिचं नाव काढलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच मॅच आठवते. ग्लासगो, ऑगस्ट २०१७, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, समोर सिंधू. २१-१९, २०-२२, २२-२०, एक तास पन्नास मिनिटं. सिंधू पाच फूट दहा इंच आणि ही जेमतेम पाच फूट एक इंच, तरी हिच्या हातून शटल खाली पडायलाच तयार नाही. दुसऱ्या गेमच्या शेवटी ७३ शॉट्सची ती रॅली झाली, सिंधूने जिंकली आणि आपण सोफ्यावरून उठून ओरडलो, मग तिसऱ्या गेमला २०-२० झालं आणि पुढचे दोन पॉइंट ओकुहाराचे. जपानच्या कुठल्याही सिंगल्स प्लेयरचं ते पहिलं वर्ल्ड टायटल. आपल्याला त्या दिवशी वाईट वाटलं ते सिंधूसाठी, ते साहजिकच आहे.

पण त्या मॅचबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बॅडमिंटनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला प्राइझ मनीच नसतं. म्हणजे एक तास पन्नास मिनिटं जीव काढून जिंकलेल्या त्या फायनलचा आयोजकांकडून ओकुहाराला एक पैसा मिळाला नाही, सिंधूलाही नाही. मेडल गळ्यात, बास. मग या बायका जगतात कशावर, कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं, गुडघ्याची ऑपरेशनं हे सगळं येतं कुठून, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मेडल आलं की सरकार किती कोटी देणार एवढंच विचारतो. माझा मुद्दा त्याच्याबद्दलच आहे आणि तो मला ओकुहाराच्या करिअरवरूनच मांडायचाय, कारण तिचं करिअर लोक आपापल्या सोयीने वापरतात.

एक व्हर्जन असं सांगितलं जातं की बघा, वर्ल्ड चॅम्पियन झाली, चांगली मोठ्या कंपनीची पक्की नोकरी होती, ती सोडली आणि २०१९ पासून प्रोफेशनल झाली, स्वतःचा मार्ग स्वतः निवडला, खेळाडूने असंच निडर असायला हवं, नोकरीबिकरीत अडकलं की खेळ संपतो. ऐकायला छान वाटतं. पण हे व्हर्जन २०१८ च्या डिसेंबरपासून सुरू होतं, आणि खरी गोष्ट २०१३ पासून सुरू होते.

ओकुहारा नागानोमधल्या ओमाची गावची. वडील शिक्षक, बॅडमिंटन शिकवणारे. २०११ मध्ये, सोळाव्या वर्षी तिने ऑल जपान ही तिथली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्या स्पर्धेची सगळ्यात लहान चॅम्पियन. २०१२ ला चिबामध्ये वर्ल्ड ज्युनियर गोल्ड, फायनलमध्ये समोर अकाने यामागुची. आणि मग शाळा संपायच्या तोंडावर, २०१३ च्या जानेवारीत डावा गुडघा गेला. ऑपरेशन. त्यातून सावरते न सावरते तोच पुढच्या वर्षी उजवा गुडघा, त्याचंही ऑपरेशन. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, दोन्ही गुडघ्यांवर टाके, आणि तिचा खेळ कसला, तर रिट्रीव्हरचा, सगळं उचलायचं, चारही कोपऱ्यात लंज मारायचा. ज्यांनी थोडंफार कोर्टवर घाम गाळलाय त्यांना माहितेय की नेटजवळचं शटल उचलायला आपण पुढचा पाय टाकतो तेव्हा सगळ्या अंगाचा वेग त्या एका गुडघ्यावर थांबतो, आणि लगेच त्याच गुडघ्याने ढकलून मागे यायचं असतं. उंच खेळाडू एका ढांगेत पोचते, बुटकीला दोन ढांगा आणि वर खोल लंज. हे मॅचमध्ये शेकडो वेळा. म्हणजे ज्या अवयवावर तिचं सगळं करिअर उभं राहणार होतं तेच दोन्ही निकामी व्हायच्या बेतात होते.

आता विचार करा, ही मुलगी पुण्यात किंवा नागपुरात असती तर घरात काय बोलणं झालं असतं. बास झालं आता, कॉलेजला अ‍ॅडमिशन घे, फर्स्ट इयर वाया जाईल. आणि आईबाबांचं चूकही नसतं.

जपानमध्ये काय झालं, तर ती एप्रिल २०१३ मध्ये निहोन युनिसिसमध्ये रुजू झाली. ही आयटी कंपनी, आता तिचं नाव बिप्रोजी आहे. जखमी गुडघ्यासकट रुजू झाली आणि दुसरा गुडघा कंपनीत असतानाच गेला. कंपनीला त्या दीड-दोन वर्षांत तिच्याकडून मिळालं काय, मोठं टायटल एकही नाही. तरी नोकरी गेली नाही, कंपनी थांबून राहिली. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तिने जपान ओपन जिंकली, डिसेंबरमध्ये दुबईची सुपरसीरिज फायनल्स, २०१६ ला ऑल इंग्लंड, जी जपानी बाईने सिंगल्समध्ये १९७७ नंतर जिंकलीच नव्हती, मग रिओला ब्राँझ (सेमीफायनलला तिला सिंधूनेच हरवलं होतं), आणि मग ग्लासगो. म्हणजे २०१९ मध्ये तिने जी झेप घेतली त्याच्या आधी जवळजवळ सहा वर्षांचा पगार होता, आणि त्यातली पहिली दोन वर्षं तर निव्वळ विश्वासावर दिलेली. तो पगार नसता तर सोडायला नोकरीच नसती आणि कदाचित खेळायला गुडघेही नसते. तिच्या धैर्याला मी कमी लेखत नाहीये, उलट तिने घेतलेला निर्णय मला मनापासून पटतो, पण ते धैर्य कशाच्या जिवावर आलं ते सांगितलं नाही तर आपल्या सोळा वर्षांच्या पोरांना आपण अर्धवट गोष्ट सांगतोय.

जपानमध्ये कंपन्यांच्या टीमा ही जुनी पद्धत आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला व्हॉलीबॉलमध्ये गोल्ड घेतलेल्या त्यांच्या बायकांची टीम जवळजवळ सगळी एका कापड गिरणीची होती. बॅडमिंटनमध्ये एनटीटी ईस्ट ही टेलिफोन कंपनी, तोनामी ही ट्रान्सपोर्ट कंपनी, साइशुनकान ही कुमामोतोची कॉस्मेटिक्स आणि औषधं बनवणारी कंपनी, कुठे बँक, अशा टीमा आहेत आणि त्यांची आपसात लीग चालते. पोरगं किंवा पोरगी शाळा-कॉलेज संपलं की कंपनीत लागते, काही ठिकाणी सकाळी ऑफिस आणि दुपारी प्रॅक्टिस, काही ठिकाणी पूर्ण दिवस प्रॅक्टिसच, आणि खेळ संपला की अनेकांना त्याच कंपनीत टेबल मिळतं. पॅरिस ऑलिंपिकला जपानला बॅडमिंटनमध्ये दोन ब्राँझ मिळाली, मिक्स्ड डबल्समध्ये वातानाबे-हिगाशिनो आणि विमेन्स डबल्समध्ये शिदा-मात्सुयामा, दोन्ही जोड्या अशाच कंपन्यांच्या, एक बिप्रोजीची आणि एक साइशुनकानची. यामागुची तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झाली, २०२१, २०२२ आणि २०२५, तीही साइशुनकानचीच.

आणि स्टार मंडळींपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती आया ओहोरी. ओकुहारा आणि यामागुचीच्या मधल्या वयाची, त्यामुळे सतत त्या दोघींच्या सावलीत. चांगली प्लेयर, पण देशात तिसरी-चौथी, आणि ऑलिंपिकला जागा दोनच. ती तोनामीत होती. वर्षानुवर्षं रँकिंगच्या शर्यतीत मागे राहून शेवटी पॅरिसला, २७ व्या वर्षी तिला ऑलिंपिकचं तिकीट मिळालं, ओकुहाराला मागे टाकून, आणि तिथे क्वार्टरफायनलपर्यंत गेली, कॅरोलिना मारिनकडून हरली. आपल्याकडे देशात तिसऱ्या-चौथ्या नंबरवर असलेली मुलगी २७ व्या वर्षापर्यंत कशाच्या आधाराने खेळणार, मला सांगा. चॅम्पियनचं कसंही निभावतं, स्पॉन्सर येतात. सिस्टिमची परीक्षा चौथ्या नंबरवर होते.

बरं, या पद्धतीत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. कंपनी पगार देते तेव्हा कंपनीची लीग, कंपनीच्या स्पर्धा, कंपनीचं वेळापत्रक हेही पायात येतं. २००४ मध्ये अथेन्सला जपानी बॅडमिंटनची वाट लागली होती, त्यानंतर कोरियाचे पार्क जू-बाँग कोच म्हणून आले आणि त्यांनी खेळाडूंना कंपन्यांकडून काढून नॅशनल कॅम्पला जास्त वेळ आणायचा आग्रह धरला, तेव्हा कुठे जपान वर आला. २०१४ ला नवी दिल्लीत जपानने थॉमस कप, म्हणजे पुरुषांच्या टीमचा वर्ल्ड कप, उचलला तो त्याच मेहनतीचा. म्हणजे नुसत्या कंपन्यांवर सोडलं असतं तर एवढं झालंच नसतं, हे मान्य करायलाच हवं.

दुसरं म्हणजे कंपनीचा धंदा बसला की टीम बसते. नव्वदीत जपानची इकॉनॉमी घसरली तेव्हा वेगवेगळ्या खेळांच्या कंपनी टीमा एकामागून एक बंद पडल्या. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये बायकांची बॅडमिंटन टीम बंद केली. रेनेसासची टीमही गेलीच असती, पण २०१५ मध्ये ती अख्खी टीम साइशुनकानने घेतली आणि ती आज जगातली एक तगडी टीम आहे. नशीब प्रत्येक वेळी असं साथ देत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, जपानचा सिंगल्स प्लेयर केंतो मोमोताची. २०१६ च्या एप्रिलमध्ये, जगात दोन नंबरवर असताना तो आणि सीनियर केनिची तागो बेकायदा कॅसिनोत जुगार खेळताना सापडले. रिओ गेलं, फेडरेशनने बेमुदत बंदी घातली. दोघं एनटीटी ईस्टचे. कंपनीने तागोला काढून टाकलं आणि मोमोताला ३० दिवस निलंबित केलं, पण ठेवलं. यावर जपानमध्ये दोन्ही बाजूंनी बोललं गेलं असणारच, आणि कंपनी इथे बापासारखी शिक्षाही देते आणि घरातही ठेवते हे सगळ्यांना पटेलच असं नाही. मला पटतं. एकवीस वर्षांचा मुलगा होता तो. वर्षभराने बंदी उठली तेव्हा रँकिंग २८२ वर गेलं होतं, आणि २०१८ मध्ये नानजिंगला वर्ल्ड चॅम्पियन, जपानचा पहिला पुरुष, आणि २०१९ मध्ये एका सीझनमध्ये ११ टायटल्स. त्या मधल्या वर्षभरात त्याच्याकडे ना स्पॉन्सर येणार होता ना प्राइझ मनी, होती ती फक्त नोकरी. पुढे २०२० च्या जानेवारीत मलेशियात मास्टर्स जिंकून एअरपोर्टला जाताना व्हॅनचा अपघात झाला, ड्रायव्हर गेला, मोमोताच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं आणि एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, टोकियो ऑलिंपिकला तो ग्रुपमध्येच हरला. पूर्वीचा मोमोता परत आला नाही. तरी २०२४ ला नॅशनल टीम सोडेपर्यंत तो एनटीटी ईस्टचाच होता. खेळाडूचं करिअर किती गोष्टींनी मोडू शकतं बघा, स्वतःच्या चुकीने, दुसऱ्याच्या चुकीने, हाडाने, नसेने, आणि या कुठल्याच गोष्टीचा हिशेब बक्षिसाच्या रकमेत धरलेला नसतो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मोठं मेडल आणलं तर थेट नियुक्तीही आहे. चांगलंच आहे, कोणी काढून घ्या म्हणत नाही. पण या सगळ्याचा क्रम बघा, आधी मेडल, मग नोकरी. मेडलसाठी खेळायचं, त्यासाठीचा खर्च बापाने करायचा, कर्ज काढायचं, आणि मेडल आलं की नोकरी, आणि मग ती नोकरी मिळेपर्यंत खेळायचं वय निघून गेलेलं. म्हणजे नोकरी खेळासाठी नाहीच, ती खेळ संपल्याची भरपाई. आणि जिथे सर्टिफिकेट म्हणजेच नोकरी, तिथे बोगस सर्टिफिकेटं निघणार हे उघड आहे आणि आपल्या राज्यात ती निघाली, ज्या खेळांचं कोणी कधी मैदान पाहिलं नाही अशा खेळांची निघाली, चौकशा झाल्या. खऱ्या खेळणाऱ्या पोरांचा हक्क त्यात मारला गेला याचा मला अजून संताप येतो.

केंद्राची टॉप्स योजना आहे, कोअर ग्रुपमधल्या खेळाडूला महिन्याला ५० हजार भत्ता आणि ट्रेनिंगचा खर्च. उत्तम योजना. पण ती मेडलच्या जवळ पोचलेल्यांसाठीच आहे, नावं आत येतात बाहेर जातात, आणि आया ओहोरीसारखी चौथ्या नंबरची मुलगी त्यात किती वर्षं टिकेल?

मग काय चालतं? कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे बघा. २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी, टीसी. पॅरिसला ब्राँझ कधी आलं, ऑगस्ट २०२४. मधली नऊ वर्षं त्याचं नाव किती जणांना माहीत होतं? मेडल आल्यावर प्रमोशन, सत्कार, कोटीचं बक्षीस, सगळं रीतसर झालं, आणि टीव्हीवर चर्चा रंगली ती बक्षिसाच्या रकमेची, हरियाणा किती देतं आणि आपण किती देतो. माझ्या मते त्या मेडलमागे सगळ्यात मोठा वाटा त्या नऊ वर्षांच्या पगाराचा आहे, दर महिन्याला येणारा, नेम चुकला तरी येणारा. रेल्वे म्हणजे आपली सगळ्यात मोठी जपानी कंपनी म्हणा हवं तर. सिंधूचंही तेच, भारत पेट्रोलियमने तिला २०१३ मध्ये घेतलं, तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि ऑलिंपिक मेडल तीन वर्षं लांब होतं. म्हणजे ग्लासगोच्या त्या फायनलमध्ये नेटच्या दोन्ही बाजूंना पगारदार मुली होत्या. हे आपण विसरतो.

आणि ही गोष्ट महाराष्ट्राला परकी आहे असंही नाही. मुंबईत टाइम्स शील्ड ही ऑफिसांची क्रिकेट स्पर्धा खेळणाऱ्या कंपन्या आठवा, निरलॉन, मफतलाल, एसीसी, टाटा, महिंद्रा. सुनील गावसकर निरलॉनमध्ये नोकरीला होता. रणजीच्या मॅचचे चिल्लर पैसे मिळायचे त्या काळात मुंबईचं क्रिकेट या कंपन्यांच्या पगारावर उभं होतं. कबड्डीत बँका, महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, लालबाग-परळच्या किती पोरांची घरं या नोकऱ्यांवर चालली. मग क्रिकेटमध्ये पैसा आला, कबड्डीला लीग मिळाली, बँकांची खेळाडू भरती आटत गेली, आणि बॅडमिंटन, टेबल टेनिस, अ‍ॅथलेटिक्सवाल्यांची ती एक शिडी होती तीही हळूहळू निघून गेली, कोणी त्याबद्दल मोर्चा काढला नाही.

परिणाम कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये दिसतो. अंडर-१३, अंडर-१५ च्या बॅचेस भरलेल्या, कोर्ट मिळत नाही एवढी गर्दी, आणि अंडर-१९ ला या, कोर्टं मोकळी. दहावीला एक लाट जाते, बारावीला दुसरी. बाकावर बसलेल्या आया शटलच्या डब्यांचा हिशेब लावत असतात, पिसांची शटलं एका सेशनला किती जातात आणि डबा आता कितीला झाला, आणि त्यातच नीटच्या क्लासची फी. या पालकांना कोणी खेळाची आवड नाही म्हणून नावं ठेवू नयेत. त्यांच्यासमोर अठराव्या वर्षानंतरचा एक तरी पगारी रस्ता ठेवा, मग बघू किती जण मुलीची रॅकेट माळ्यावर टाकतात.

याच्यावर एक उत्तर नेहमी येतं की खाजगी कंपन्या कशाला चौथ्या नंबरच्या खेळाडूला पोसतील, त्यांना तर जाहिरात हवी. मला हे पूर्ण पटत नाही. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चात, खेळ बसतो, कायद्यात ऑलिंपिक आणि राष्ट्रीय पातळीच्या खेळांचं ट्रेनिंग स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तो पैसा एकदाच स्पर्धा भरवून बॅनर लावण्यात संपतो. पुण्या-नाशिक-संभाजीनगरच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या, सहकारी बँका, महावितरण, एसटी, यांच्यातल्या प्रत्येकाने दोन-चार पोरं घेतली तरी राज्यात शंभरेक खेळाडू सहज उभे राहतील, आणि दोन-चार ज्युनियर क्लार्कच्या पगाराने यातली कुठलीही संस्था बुडणार नाही. आधी तेवढं करू, मग इंटरनॅशनल दर्जाच्या स्टेडियमची भूमिपूजनं करू.

ओकुहाराकडे परत येतो, कारण तिच्या निर्णयाचा दुसरा अर्धा भाग अजून राहिलाय. २०१९ ची सुरुवात तिने ताइयो होल्डिंग्ज या स्पॉन्सरबरोबर प्रोफेशनल म्हणून केली, टोकियोची तयारी आपल्या पद्धतीने करायची म्हणून. ते वर्ष विचित्र गेलं, फायनलमागून फायनल हरली, बासेलच्या वर्ल्ड फायनलला सिंधूने ३८ मिनिटांत २१-७, २१-७ उडवलं, तरी त्याच वर्षी ती वर्ल्ड नंबर वन झाली. २०२० ला डेन्मार्क ओपन, २०२१ ला पुन्हा ऑल इंग्लंड. टोकियोला मात्र क्वार्टरफायनलला चीनच्या ‘हे बिंगजियाओ’कडून तीन गेममध्ये हरली, मग दुखापती, पॅरिस हुकलं. पदकाच्या हिशेबाने बघितलं तर प्रोफेशनल होऊन काय मिळालं असं कोणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. तिचं शरीर, तिचं वेळापत्रक, तिचा निर्णय, आणि त्यासाठी तिला वाट मोकळी मिळाली हीच मोठी गोष्ट आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ती लखनौला सय्यद मोदी स्पर्धा खेळायला आली होती, तीस वर्षांची, दोन ऑपरेशन झालेले गुडघे घेऊन, आणि सोळा वर्षांच्या आपल्या तन्वी शर्माने तिला तीन गेममध्ये हरवलं. सगळ्या बातम्या तन्वीच्या होत्या आणि त्या असायलाच हव्यात. पण दोन्ही गुडघे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गेलेली मुलगी तिसाव्या वर्षी अजून सुपर ३०० दर्जाची इंटरनॅशनल स्पर्धा खेळतेय, हेही तेवढंच मोठं आहे.

म्हणून आपल्याकडे असं काही सुरू करायचं झालं तर कागदावर काय लिहायचं ते आधी ठरवा. निवड अठराव्या वर्षी, राज्य आणि राष्ट्रीय रँकिंगवर, मेडलवर नाही. करार किमान चार वर्षांचा, आणि दुखापत झाली तर तो मोडता येणार नाही, उलट ऑपरेशन आणि रिहॅबचा खर्च कंपनीचा. शिक्षण चालू ठेवायची मुभा, कारण आपल्याकडे डिग्रीशिवाय पुढे टेबल मिळत नाही. कंपनीच्या आंतरविभागीय स्पर्धा वर्षात ठराविकच, नॅशनल कॅम्प असेल तर त्यातूनही सूट. खेळ संपल्यावर नोकरी कायम. आणि एखादीला ओकुहारासारखं वाटलं की आता मला माझं माझं बघायचंय, तर तिला महिन्याभराच्या नोटिशीवर जाऊ द्यावं, बाँडचे पैसे मागू नयेत.